माठ झिरपतो, बरणी झिरपत नाही: ट्रिटियम अडवणाऱ्या लेपांची परीक्षा

पांदण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सहा महिने एका प्रयोगशाळेत होतो. आता गावी आलोय, आर्वी तालुक्यात. पोलादाच्या चकत्यांवर लेप देऊन तो हायड्रोजन किती अडवतो ते मोजायचं, हे माझं काम.

परवा आजीनं विचारलं, "सहा महिने तिकडं काय करून राह्यला होता बाप्पा?" ओसरीवर रांजण होता. म्हटलं, हा फुटका आहे का? नाही. मग बाहेरून ओला कसा? झिरपते म्हणून. आणि लोणच्याची बरणी पण मातीचीच, ती का झिरपत नाही? "तिले रोगन हाय." मग थोडं थांबून तीच म्हणाली, "म्हंजे तू बरनीवरचा रोगन तपासून राह्यला होता." यापेक्षा नेमकं मला माझ्या अहवालातही लिहिता आलं नव्हतं.

आता थोडं सविस्तर. सूर्यासारखी अणुसंलयनाची, म्हणजे हलक्या अणूंचे गाभे जोडून मिळणारी ऊर्जा पृथ्वीवर मिळवायची तर सगळ्यात सोपं इंधन म्हणजे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम. दोन्ही हायड्रोजनचीच भावंडं. ट्रिटियम किरणोत्सारी, अर्धायुष्य १२.३२ वर्षं, म्हणजे साठवून ठेवला तरी दरवर्षी साडेपाच टक्के आपोआप संपतो. निसर्गात तो जवळजवळ नाहीच. एक हजार मेगावॅट संलयन-शक्तीच्या भट्टीला तो दिवसाला सुमारे दीडशे ग्रॅम लागेल. म्हणून भट्टीच्या भिंतीतच लिथियम ठेवायचा, त्यावर न्यूट्रॉन आदळले की ट्रिटियम तयार होतो, तो गोळा करून परत भट्टीत. बियाणं घरचंच, तसं.

अडचण अशी की हा वायू तापलेल्या पोलादातून आरपार जातो. भोक लागत नाही, चीर लागत नाही. रेणू पृष्ठभागावर फुटून दोन अणू होतात, अणू धातूच्या जाळीतून सरकत जातात आणि पलीकडे परत जोडी जमवून बाहेर पडतात. रांजणासारखंच. म्हणून पोलादावर अॅल्युमिनियम ऑक्साइडसारखा, म्हणजे बरणीच्या रोगनाच्या जातीचा, पातळ लेप द्यायचा.

हा लेप चांगला की वाईट ते ठरवायचं कसं, त्यावर बोलायचं आहे. मला या विषयाची मनापासून ओढ आहे आणि एक गोष्ट खटकलीही आहे. ती प्रश्न आले की लिहितो.

कपाशीवाला

भाऊ, वाचलं. एक साधी शंका. लेपाची कटकट कायले? पोलाद जाड करा ना. आपण टाकीची भिंत जाड करतो तसं.

पांदण

कपाशीवाला भाऊ, हाच प्रश्न मी पहिल्या आठवड्यात मार्गदर्शकांना विचारला होता. जाडी दुप्पट केली तर गळती निम्मी होते, त्याहून जास्त फायदा नाही. शंभरपट कमी करायची तर भिंत शंभरपट जाड लागेल. त्या भिंतीतून उष्णताही बाहेर काढायची असते आणि न्यूट्रॉनही लिथियमपर्यंत पोचू द्यायचे असतात, त्यामुळे ती काही मिलिमीटरच असते. चांगला लेप काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीत शंभरपट, प्रयोगशाळेत कधी हजारपटही अडवतो.

दाबाचं गणितही वेगळं आहे. रेणू फुटून आत शिरतो म्हणून नुसत्या पोलादातून गळती दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते. दाब शंभरपट वाढवला तर गळती दहापटच वाढते. पण लेप चांगला असेल आणि पृष्ठभागावर रेणू फुटणंच अडून बसलं असेल, तर गळती थेट दाबाच्या प्रमाणात जाते. म्हणून एकाच दाबावर मोजून थांबायचं नाही. तीन-चार दाबांवर मोजून आलेख काढला की रेघेच्या उतारावरून कळतं की वायू पृष्ठभागावर अडतोय की आत.

वऱ्हाडी_मास्तर

धागा आवडला. दहावीच्या पोरांना वाचून दाखवणार आहे. ते पहिला प्रश्न हाच विचारतील, म्हणून मीच विचारतो: हे गळालं तर माणसाला काय होतं? आणि आपल्या भागात असं काही आहे का?

पांदण

मास्तर, आपल्या भागात संलयन भट्टी नाही. भारतातलं हे काम मुख्यतः गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालतं. फ्रान्समध्ये कादाराशला उभ्या राहणाऱ्या 'ईटर' या मोठ्या भट्टीत भारत २००५ पासून भागीदार आहे, तिचं भलंमोठं शीतपात्र, म्हणजे सगळी भट्टी ज्यात बसते ते निर्वात भांडं, आपल्याकडे हजिरा इथं घडवलं गेलं. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार तिथं ट्रिटियम घालून प्रयोग २०३९ मध्ये व्हायचे आहेत.

धोक्याचं म्हणाल तर ट्रिटियमचा बीटा कण, म्हणजे त्याच्या अणूतून सुटणारा इलेक्ट्रॉन, फार दुबळा, हवेत पाऊण सेंटिमीटरही जात नाही, कातडी भेदत नाही. बाहेरून त्याची भीती नाही. प्रश्न तो पोटात गेला तर. वायू म्हणून श्वासात गेला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो, पण पाण्याच्या रेणूत जाऊन बसला की शरीर त्याला पाणीच समजतं. त्या रूपात तो वायूपेक्षा सुमारे दहा हजारपट घातक धरतात. साधारण दहा दिवसांत निम्मा बाहेर पडतो.

आकड्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १०,००० बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं). एक ग्रॅम ट्रिटियम म्हणजे सुमारे ३.६ गुणिले दहाचा चौदावा घात इतके बेकरेल. भागून बघा. एक ग्रॅम पाण्यात मिसळून त्या मर्यादेपर्यंत पातळ करायला ३,६०० कोटी लिटर पाणी लागेल. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं, बाजूचा उतार धरून सुमारे २२ लाख लिटरचं असतं. अशी सोळा हजार शेततळी. आणि भट्टीत रोज फिरणार दीडशे ग्रॅमच्या वर. लेपाच्या परीक्षेत ढिलाई का चालत नाही, ते पोरांना एवढ्यावरून कळेल.

भूजल_यवतमाळ

थोडं अवांतर, पण ट्रिटियमचं नाव निघालंच आहे म्हणून. आमच्या क्षेत्रात तो मदतनीस आहे. १९५० आणि ६० च्या दशकातल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांमुळे पावसात ट्रिटियम वाढला, १९६३ च्या सुमारास कळस झाला. विहिरीच्या पाण्यात तो सापडला तर त्या पाण्यात त्यानंतरचा पाऊस मिसळलाय, अजिबात नसेल तर पाणी जुनं, असा अंदाज बांधता येतो. आपल्या काळ्या पाषाणात कोणतं पाणी दरवर्षी भरतं आणि कोणतं पिढ्यान्पिढ्या तसंच आहे, हे कळायला याचा उपयोग होतो.

पांदण

भूजल भाऊ, हे अवांतर नाही, उत्तम भर आहे. एवढीशी मात्रा मोजता येते, हे मास्तरांच्या पोरांना नक्की सांगा.

निरंजना

मी शिवणकाम करते, विज्ञानाशी संबंध बारावीपुरता. पण मोजता कसं ते नीट सांगाल का? 'चकतीवर मोजतो' म्हणजे नेमकं काय करता?

पांदण

ताई, आनंदानं. रुपयाएवढी पोलादी चकती, साधारण एक मिलिमीटर जाड. ती दोन कोठ्यांच्या मधे पडद्यासारखी आवळून बसवायची. सगळं तापवायच्या साध्या भट्टीत (संलयनाच्या नव्हे) ठेवून ३०० ते ५५० अंशांपर्यंत तापवायचं. एका कोठीत ड्यूटेरियम भरायचा, दुसरीत जवळजवळ पूर्ण निर्वात. दुसऱ्या कोठीला वस्तुमान मोजणारं यंत्र जोडलेलं असतं, ते पलीकडून येणारे रेणू मोजत बसतं.

ट्रिटियमऐवजी ड्यूटेरियम का? ट्रिटियमसाठी वेगळी परवानगी, वेगळी खोली, वेगळे कपडे लागतात. ड्यूटेरियम किरणोत्सारी नाही. जड अणू हळू सरकतो, त्याचा वेग वस्तुमानाच्या वर्गमुळानं कमी होतो असं धरून ट्रिटियमचा आकडा काढता येतो. मग साधा हायड्रोजनच का नको? तर निर्वात कोठीच्या पोलादी भिंतींतूनच साधा हायड्रोजन सतत सुटत असतो. त्यात चकतीतून आलेला कोणता आणि भिंतीतून आलेला कोणता, हे कसं ओळखणार?

तरीही फसगत होते. ड्यूटेरियमचा रेणू वस्तुमान ४ वर दिसतो आणि हेलियमही ४ वरच. साध्या यंत्राला फरक कळत नाही. शिवाय पलीकडे आलेले काही ड्यूटेरियम अणू भिंतीवरच्या साध्या हायड्रोजनशी जोडी जमवून वस्तुमान ३ वर दिसतात. नुसतं ४ मोजलंत तर गळती कमी दिसेल आणि लेप आहे त्याहून चांगला वाटेल. ३ आणि ४ दोन्हींची बेरीज घ्यावी लागते. माझे पहिले दोन आठवडे यातच गेले.

नुसत्या चकतीतून वायू ४०० अंशांना मिनिटभराच्या आत पलीकडे येतो. लेप दिलेलीसाठी कधी तासन्‌तास बसावं लागतं. मग नुसतीतून किती आलं भागिले लेपवालीतून किती आलं. या भागाकाराला पीआरएफ म्हणतात. शंभर आला तर लेपानं गळती शंभरपट कमी केली.

कथील

माझे सासरे गावोगाव फिरून कल्हई करायचे. मी भाता ओढायला बसायची. पांदण भाऊ, तुमचं वाचून सगळं डोळ्यांसमोर आलं. पितळेचं भांडं आधी राखेनं, चिंचेनं घासायचं. मग तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर उठला की कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. घासण्यात कसर राहिली की तिथं कथील धरतच नाही. वरून चकचकीत दिसतं, पण ताक ठेवलं की कळकतं. आणि कल्हई जाते ती आधी काठावरची आणि जोडावरची. तळाची शेवटी.

पांदण

काकू, तुमच्या सासऱ्यांनी लेपशास्त्राचा अर्धा ग्रंथ जगून दाखवलाय. आमच्याकडेही पोलादाचा पृष्ठभाग तयार करण्यात जेवढा वेळ जातो तेवढा लेप देण्यात जात नाही. आणि योगायोग बघा, तुमचं कथील २३२ अंशांना वितळतं, आणि भारताच्या आराखड्यात भिंतीच्या पोटातून वाहणार आहे ते शिसे-लिथियमचं मिश्रण २३५ अंशांना.

तुमचं शेवटचं वाक्य मात्र मी वहीत लिहून घेतलं. आधी काठ आणि जोड, तळ शेवटी. मला जे खटकलं ते हेच आहे. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता वखर चालू आहे.

संत्रा_वरुड

वाचतोय. लवकर लिहा.

पांदण

लिहितो. हा प्रतिसाद लांबेल.

चार वर्षांपूर्वी आम्ही शेततळं केलं. ५०० मायक्रॉनची पन्नी अंथरली. पावसाळ्यात भरलं, दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं. बाबा म्हणाले ऊन खातं. काका म्हणाले पन्नी फाटली. दोघांत रोज वाद. मी एक घमेलं पाण्यानं भरून काठावर ठेवलं. ऊन खात असेल तर घमेल्यातलंही तेवढंच उतरेल. पण लोखंडी घमेलं उन्हात तापतं, त्यातलं पाणी तळ्यापेक्षा जास्त उडतं, म्हणून तुलना चुकत होती. मग घमेलं तळ्यातच तरंगतं बांधलं. आठ दिवसांत घमेल्यातलं पाणी थोडं उतरलं, तळ्यातलं कितीतरी जास्त. म्हणजे गळती खरी. पुढं पाणी एका उंचीला येऊन थांबलं, भोक त्याच पातळीला असणार हे कळलं. सापडलं कुठं? मधल्या सपाट भागात नाही. कोपऱ्यात, जिथं पन्नीची घडी पडली होती आणि दोन तुकडे तापवून जोडले होते तिथं.

पुढे प्रयोगशाळेत गेलो तर तिथं दोन्ही गोष्टी परत भेटल्या. घमेलं म्हणजे नुसती, बिनलेपाची चकती. ती लेपवालीच्याच पोलादातून कापलेली, तिच्याइतकीच तापवलेली हवी. कोठीत जरा ओल राहिली तर नुसत्या चकतीवरही आपोआप ऑक्साइडची साय धरते, ती थोडा वायू अडवते आणि तुलना बिघडते. काठावरचं घमेलं आणि तरंगतं घमेलं यांत जो फरक, तोच.

आणि कोपरा. आम्ही मोजत होतो सपाट, आरशासारख्या चकतीवर. भट्टीची भिंत सपाट चकती नसते. तिच्यात नळ्या, वळणं, आतल्या कडा आणि वेल्डिंगचे सांधे असतात. लेप देऊन मग वेल्ड केलं तर सांध्याजवळ लेप जळतो. आधी वेल्ड करून मग लेप द्यायचा तर नळीच्या आत तो सारखा बसवणं कठीण. वितळत्या अॅल्युमिनियममध्ये बुडवून नंतर तापवणं, वाफेतून लेप चढवणं, लेझरनं उडवून बसवणं, द्रावणातून विजेनं चढवणं, सगळ्या रीती आहेत. सपाट चकतीवर सगळ्याच चांगल्या दिसतात.

एक हिशेब देतो, तो मी स्वतः कागदावर केला तेव्हा झोप उडाली होती. समजा एक मिलिमीटर जाड पोलादावरचा लेप बाकी सगळा परिपूर्ण आहे, फक्त दहा हजारात एक भाग उघडा राहिलाय, १० मायक्रॉन त्रिज्येच्या बारीक छिद्रांच्या रूपात. वाटेल की गळती दहा हजारपट कमी होईल. होत नाही. छिद्रातून आत शिरलेला वायू सरळ खाली जात नाही, पोलादात चहूबाजूंनी पसरतो. एक छिद्र त्याच्या क्षेत्रफळाच्या हिशेबापेक्षा सुमारे १२७ पट जास्त वायू सोडतं. म्हणजे दहा हजारच्या जागी पीआरएफ जेमतेम ऐंशी. ही छिद्रं एकमेकांपासून पावणेदोन मिलिमीटरवर असतात, डोळ्याला दिसत नाहीत, लेप चकचकीतच दिसतो. एकूण उघडी जागा तेवढीच, पण छिद्रं जितकी बारीक आणि जास्त, तितकं नुकसान मोठं.

त्यात तापणं-निवणं आलं. पोलाद एका अंशाला लाखात सव्वा भागाच्या आसपास वाढतं, अॅल्युमिनियम ऑक्साइड पाऊण भागाच्या जरा वर. ५०० अंशांच्या फरकात मीटरमागे सुमारे दोन मिलिमीटरची ओढाताण. थंड पोलादावर दिलेला लेप तापला की ताणला जातो, त्याला भेगा पडतात. गरम असताना वाढवलेला लेप थंड झाला की दाबला जातो आणि बाहेरच्या कडेवरून सुटतो. उन्हात तापलेल्या बरणीत गार पाणी ओतल्यावर रोगनाला जाळीदार तडे जातात, ते आठवा. माझी एक चकती पहिल्या दिवशी सुंदर वागली. पाचव्यांदा तापवली तेव्हा यंत्रावरची रेघ हळूहळू वर चढली आणि परत खाली आली नाही.

माझं म्हणणं असं. लेपाचा आकडा सांगताना कोणत्या आकाराच्या तुकड्यावर, किती वेळा तापवून-निववून, सांधा होता की नव्हता, हे सोबत सांगितलं पाहिजे. नुसता 'हजार' हा आकडा मला आता अपुरा वाटतो.

धुरा

फार छान लिहिलं भाऊ. मी गॅस वेल्डर आहे, ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं करतो. गॅल्व्हनाइज पाइप वेल्ड केला की सांध्यावरचं जस्त जळून जाते, पहिला गंज तिथंच. वरून चांदी रंग मारतात, तो एक पावसाळा टिकत नाही. तुमच्या भट्टीत सांध्याचं काय करतात मग? उघडून परत रंग तर मारता येत नसंल.

पांदण

धुरा भाऊ, नाही येत. भट्टी एकदा चालू झाली की न्यूट्रॉनमुळे ती भिंत स्वतः किरणोत्सारी होते, माणूस जवळ जाऊ शकत नाही.

म्हणून स्वतः बुजणाऱ्या लेपाकडे लोक आशेनं बघतात. पोलादाच्या वरच्या थरात अॅल्युमिनियम मुरवून ठेवायचा. वरच्या ऑक्साइडला भेग पडली तर खालचा अॅल्युमिनियम थोडासा ऑक्सिजन पकडून ती परत भरतो. पण वाहत्या शिसे-लिथियममध्ये ऑक्सिजन फार कमी आणि लिथियम त्याला आधी पकडायला टपलेला. त्यामुळे वायूत मोजलेला पीआरएफ द्रव धातूत तसाच मिळेल असं धरता येत नाही, तो तिथं वेगळा मोजावाच लागतो. नेदरलँड्समधल्या पेटेनच्या अणुभट्टीत 'लिब्रेट्टो' नावाच्या प्रयोगमालिकेत अशा नमुन्यांना प्रत्यक्ष न्यूट्रॉनखाली ठेवलं गेलं. संलयनातून सुटणाऱ्या १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या न्यूट्रॉनसारख्या माऱ्याखाली साहित्य तपासायला स्पेनमध्ये ग्रानादाजवळ 'डोनेस' ही सुविधा बांधली जातेय.

सांध्याचा नमुना चकती म्हणून कापून तपासायचा, हे मी माझ्या अहवालाच्या शेवटी सुचवलंय. तुम्ही पाइपाचं सांगितलंत ते आधी माहीत असतं तर पहिल्या पानावर लिहिलं असतं.

कपाशीवाला

आणखी एक. तापवायचा क्रम बदलून लेप पोलादाले सोसंल असा करता येत नाही का?

पांदण

करतात, आणि तिथंही पोलादाची अट आडवी येते. युरोपच्या युरोफेर नावाच्या पोलादाला बळकटी यावी म्हणून ९८० अंशांवरून निववून मग ७६० अंशांवर मुरवतात. लेपाची भट्टी या वेळापत्रकात बसवावी लागते, नाहीतर लेप छान होतो आणि पोलाद ठिसूळ. अॅल्युमिनियम ऑक्साइडचं सगळ्यात घट्ट रूप मात्र हजार अंशांच्या वर सहज तयार होतं. खालच्या तापमानाला ते यावं म्हणून आधी क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय विरजणासारखी लावून बघतात, कारण दोन्हींची स्फटिकरचना सारखी आहे.

निरंजना

'विरजणासारखी' वाचून एकदम कळलं. आणि कोपऱ्यात घडी नको, हे तर कपड्यालाही लागू आहे. घडीवरच कापड आधी विरतं.

वऱ्हाडी_मास्तर

पांदण, २६ जूनला शाळा उघडते. पहिल्या शनिवारी येतोस का? रांजण शाळेत आहे. बरणी घरून आणतो.

पांदण

नक्की येतो मास्तर. तेवढ्यात पेरणी झाली नाही तर सकाळचं सांगा. एक नवी पणती आणि एक रोगन दिलेली वाटी, दोन्ही पाणी भरून वजन करून ठेवू, वर झाकण घट्ट. तराजू ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा असला तर दोन तासांत पोरांना फरक स्वतः मोजता येईल. मग वाटीच्या रोगनावर सुईनं एक ओरखडा, आणि परत मोजायचं.

कथील

मी दोन पितळी गडवे पाठवते. एकाला याच महिन्यात कल्हई केली आहे, दुसऱ्याची काठाला गेली आहे. दोन्हींत काठोकाठ ताक भरून रात्रभर ठेवा.

पांदण

काकू, शुक्रवारी रात्रीच भरून ठेवतो. पोरांना चाखू देणार नाही, फक्त काठाशी हिरवट कडं कुठं धरलंय ते बघायला लावतो.